'हलका आहार' म्हणजे नेमके काय? सोलापुरातील शल्यचिकित्सकांना एक खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यात आतड्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व शल्यचिकित्सक, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि आहारतज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात माझ्या यजमानांच्या गुदाशयाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. सातव्या दिवशी घरी सोडताना आमच्या हाती जो डिस्चार्जचा कागद पडला, त्याची पाने चार होती. रक्ताचे, लघवीचे, तपासणीला पाठवलेल्या गाठीचे असे सगळे अहवाल त्यात होते. गोळ्यांची नावे, वेळा, जेवणाआधी की जेवणानंतर, हेही नीट लिहिलेले होते. आहाराच्या रकान्यात मात्र दोनच शब्द होते, 'हलका आहार'. त्या दोन शब्दांविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. ज्यांनी ती केली त्यांच्या कौशल्याविषयी माझ्या मनात आदरच आहे आणि त्यांचे किंवा त्यांच्या रुग्णालयाचे नाव मी येथे घेणार नाही, कारण त्यानंतर ज्या दहा-बारा घरांशी माझे बोलणे झाले त्या सर्वांच्या कागदावर, रुग्णालय कोणतेही असो, याच अर्थाचे दोन-तीन शब्द होते. मी स्वतः तीस वर्षे शाळेत गृहविज्ञान शिकवले. चोथा किंवा तंतू (ज्याला हल्ली फायबर म्हणतात), विद्राव्य, अविद्राव्य हे शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असतील. तरीही आतड्याला नुकताच सांधा दिलेल्या, म्हणजे भाग कापून उरलेली टोके जोडलेल्या, माणसाच्या ताटात काय वाढायचे, हे मला त्या दिवशी कळत नव्हते. मग ज्या घरात हे शब्द कधी कोणी उच्चारलेलेच नाहीत, त्या घरातील बाईने काय करायचे?

यजमानांचा सांधा खाली, गुदाशयाच्या जागी होता. त्याला विश्रांती मिळावी म्हणून लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून तेथे तात्पुरती पिशवी लावलेली होती. पिशवी कशी बदलायची, कातडी कशी जपायची, हे सिस्टरांनी दोन वेळा प्रेमाने करून दाखवले. पिशवीत काय येणार हे तुम्ही काय खाऊ घालता त्यावर ठरेल, हे मात्र कोणी सांगितले नाही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात पिशवीत निव्वळ पाणी येत होते, दिवसातून आठ-नऊ वेळा ती रिकामी करावी लागे. दहाव्या दिवशी मी रुग्णालयात फोन केला, तेव्हा पलीकडून घाईत उत्तर मिळाले, "फायबर द्या, घट्ट होईल." त्याच संध्याकाळी गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकल दुकानातून इसबगोलाचा डबा आणला. दुकानदाराने विचारले नाही, मीही सांगितले नाही. पोटाचे ऑपरेशन झाले आहे एवढेच बोलणे झाले.

इसबगोलाने पिशवीतील पाणी खरोखरच दाटसर दिसू लागले आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे फार उशिरा मला समजले की दाट दिसणे आणि शरीरात पाणी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इसबगोल पाणी धरून ठेवते, पण ते धरलेले पाणीही शेवटी पिशवीतच जाते. निरोगी माणसाच्या लहान आतड्यात रोज अन्नपाणी आणि पाचक रस मिळून आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, त्यातला दीडएक लिटर मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि मोठे आतडे त्यातले बहुतेक शोषून घेते. मोठे आतडे वाटेतून बाजूला काढले की हे शोषून घेणारे कोणी उरत नाही. पाण्याबरोबर मीठही जाते. म्हणून अशा रुग्णाला नुसते पाणी भरपूर पाजून भागत नाही, क्षार-साखरेचे नेमके मिश्रण, म्हणजे ओआरएस, द्यावे लागते. पिशवीतून दिवसाला दीड लिटरहून अधिक जाऊ लागले तर घरी थांबायचे नसते. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आमच्या शहरात ही माहिती गोळ्यांच्या वेळापत्रकाइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या चार पानांत ती नव्हती.

आता डिसेंबरच्या अखेरीची गोष्ट सांगते. शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले होते. मंगळवेढ्याकडच्या शेतातून भाच्याने हुरड्याच्या गूळभेंडी ज्वारीची कणसे आणली, अंगणात आगटी पेटवली, हुरडा भाजला आणि हातावर चोळून ताटात घातला. सोलापूरच्या माणसाला डिसेंबरात हुरड्याला नाही म्हणायला सांगणे म्हणजे काय, हे आपल्याला मी समजावून सांगायला नको. यजमान म्हणाले, "मऊच तर आहे, तोंडात विरघळतोय." मलाही ते पटले. हलका म्हणजे मऊ, असाच आमच्या भाषेत अर्थ होतो. दोन मुठी हुरडा, वर शेंगाची चटणी आणि दही. मोठ्या आतड्याला त्या दोन मुठींचे काहीच वाटले नसते. परंतु पोटाच्या स्नायूंमधून काढलेले लहान आतड्याचे तोंड अरुंद असते, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्यावर सूजही असते, आणि कोवळ्या दाण्याचे साल, शेंगदाण्याचे तुकडे, खोबऱ्याचा कीस हे आतड्यात विरघळत नाहीत. ते एकत्र येऊन त्या तोंडाशी बोळा होऊन बसतात.

रात्री आठनंतर पिशवीत काही आले नाही. दहा वाजता पोटात कळा सुरू झाल्या. पोटावरचे आतड्याचे तोंड सुजून टरारले. शेजारच्या काकू आल्या आणि अनुभवी आवाजात म्हणाल्या, "कोठा जड झालाय, इसबगोल द्या, नाहीतर एरंडेल द्या." मी डबा काढला, दोन चमचे अर्ध्या ग्लास कोमट दुधात घातले आणि ढवळून ठेवले. तेवढ्यात यजमानांना उलटी झाली. त्यांना सावरून मी परत आले तेव्हा ग्लासातले दूध चमचा उभा राहील इतके आळले होते. यजमानांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिले; त्या अवस्थेतही ग्लासाकडे पाहून ते म्हणाले, "अगं, ही तर सुताला लावायची खळ झाली." तो ग्लास त्यांनी घेतला नाही, आणि त्या रात्री आमच्याकडून एवढी एकच गोष्ट बरोबर घडली. आधीच बंद झालेल्या वाटेत ती खळ उतरली असती तर काय झाले असते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

रुग्णालयात नाकातून नळी घातली, सलाईन लावले, आणि छत्तीस तासांनी वाट मोकळी झाली. पुन्हा पोट उघडावे लागले नाही. ड्यूटीवरील तरुण डॉक्टरांनी विचारले, "या पेशंटला फायबर कशाला दिलंत?" मी त्यांना सांगितले की तुमच्याच फोनवरून 'फायबर द्या' असे कळले होते. ते गप्प झाले. खरे तर दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते. एकाच्या मनात इसबगोल होते, दुसऱ्याच्या मनात हुरडा आणि शेंगदाणे, आणि दोघांनी त्यासाठी शब्द वापरला एकच.

माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ या एका शब्दात आहे. 'फायबर' ही एक वस्तू नाही. इसबगोल म्हणजे त्या वनस्पतीच्या बियांवरचा पापुद्रा. तो पाण्यात फुगून बुळबुळीत जेलीसारखा होतो, आतड्यातील जंतू त्याला फारसे आंबवत नाहीत, म्हणून वायू कमी धरतो, आणि पातळ शौचाला बांधणे व कडक शौचाला मऊ करणे ही दोन्ही कामे तो करू शकतो. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही. तो आतड्याला आतून खरवडल्यासारखा पुढे सरकवतो. हल्ली चकचकीत डब्यांतून जी 'फायबर पावडर' मिळते, तिच्यात पुष्कळदा इन्युलिन नावाचा विरघळणारा तंतू असतो, आणि तो मोठ्या आतड्यात भराभर आंबून वायू तयार करतो. नुकतेच टाके पडलेल्या पोटात तो वायू काय करतो, हे ज्याने अनुभवले तोच जाणे. चौथा प्रकार आमच्याकडे सर्वांत जास्त खपतो, तो म्हणजे पोट साफ करण्याची चूर्णे. त्यांपैकी अनेकांत इसबगोलाबरोबर सोनामुखी असते. सोनामुखी चोथा नव्हे, ती आतड्याला चाबूक मारणारे रेचक आहे. डब्यावर मोठ्या अक्षरांत इसबगोल आणि बारीक अक्षरांत सोनामुखी, असे असल्यावर घरच्या माणसाला फरक कसा कळावा?

त्यात भर म्हणजे मूळव्याधीची शस्त्रक्रिया. आमच्या ओळखीत दर चार घरांत एकाची झालेली असते, आणि त्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून इसबगोल घ्या, कुंथू नका, असे सांगितले जाते. तेथे ते योग्यच आहे. मग तोच रुग्ण शेजारच्या आतडे कापलेल्या माणसाला भेटायला येतो आणि स्वतःचा अनुभव सांगतो. 'पोटाचे ऑपरेशन' या एका नावाखाली अपेंडिक्स, हर्निया, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा उजवा भाग, डावा भाग, गुदाशय असे सगळे येते. एकाचे पथ्य दुसऱ्याला चालत नाही, हे लोकांना ठाऊक नाही, कारण त्यांना ते कोणी सांगितलेले नाही.

फायबर चांगले, ही समजूत काही चुकीची नाही. युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७० च्या दशकात चोथा कमी असलेला आहार आणि मोठ्या आतड्याचे आजार यांचा संबंध जगापुढे ठामपणे मांडला, आणि आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने रोज किमान २५ ग्रॅम तंतू अन्नातून घ्यावेत असे सांगते. पण ते निरोगी माणसासाठी आहे आणि अन्नातून आहे. येथे मला आमच्या ज्वारीविषयी थोडे बोलल्याशिवाय राहवत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तीनही नसतात. मी स्वयंपाकघरात वजन करून पाहिले, माझ्या हाताच्या एका भाकरीला ७० ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. म्हणजे दोन भाकऱ्या खाणाऱ्याला १४ ग्रॅम तंतू भाकरीतूनच मिळतात, वर मटकीची उसळ, मेथी, शेंगाची चटणी आहेच. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्या जिल्ह्यात पिकते आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला जेथे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्या जिल्ह्यातील निरोगी माणसाला डब्यातील पावडरीची गरज क्वचितच पडावी.

मात्र याच ज्वारीतील तंतूंचा बहुतेक भाग, १० पैकी साडेआठ ग्रॅमच्या आसपास, पाण्यात न विरघळणारा असतो. म्हणजे जी भाकरी आमचे बळ, तीच ताज्या सांध्याच्या रुग्णाला पहिले काही आठवडे जड. हे आमच्या बायकांना सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. भाकरी म्हणजे हलकी आणि पोळी म्हणजे जड, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. आजारी माणसाला दुधात कुस्करलेली भाकरी द्यायची, ही आमच्याकडची मायेची रीत आहे. आपल्या दोन शब्दांतला 'हलका' आणि आमच्या घरातला 'हलका' यांच्यात एवढे अंतर आहे.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते आणि ती मी दोन घरांत पाहिली. भीतीपोटी रुग्णाला तीन-तीन महिने साबुदाण्याची पेज, मऊ भात, बिस्किटे आणि शहाळे यांवर ठेवले जाते. त्यात वेदनाशामक गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या चालू असतात, दोन्ही मलावरोध करणाऱ्या. रुग्णाचे हिंडणे-फिरणे थांबलेले असते. मग शौच खड्यासारखे होते, मग कोणीतरी एका दिवसात चूर्ण, पपई, अंजीर, कोंड्याची बिस्किटे यांचा मारा करते. शून्यावरून वीस ग्रॅमवर एका रात्रीत गेलेले पोट दुखणारच. तंतू हे मोठ्या आतड्यातील उपयुक्त जंतूंचे खाद्य आहे. त्यांतून तयार होणाऱ्या ब्युटिरेट नावाच्या द्रव्यावर आतड्याच्या अस्तरातील पेशी जगतात. तेव्हा कायमचे पथ्य हाही उपाय नव्हे. थांबायचे केव्हा, सुरू करायचे केव्हा आणि किती हळू वाढवायचे, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक रुग्णासाठी वेगळे असल्याने ते फक्त आपणच देऊ शकता.

मला कल्पना आहे की या बाबतीत आपल्यातही एकमत नाही. बरेच जण चार ते सहा आठवडे कमी चोथ्याचा आहार सांगतात, काही जण पिशवी नसलेल्या रुग्णाला त्याहून लवकर नेहमीच्या जेवणाकडे वळवतात. मतभेद असू देत. आम्हाला आमच्या सर्जनांचे मत हवे आहे, फक्त ते लेखी हवे आहे. पूर्वी आतड्याची शस्त्रक्रिया झाली की वायू सरेपर्यंत तोंडात पाणीही घालत नसत आणि रुग्ण पंधरा-पंधरा दिवस वॉर्डात राहत असे. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी लवकर खाऊ घालण्याची, लवकर चालवण्याची आणि लवकर घरी पाठवण्याची पद्धत बसवली, ती आता आपल्याकडेही रुळली आहे. तिचा आम्हाला फायदाच झाला. खर्च वाचला, हाल वाचले. परंतु जे दिवस पूर्वी वॉर्डात परिचारिकांच्या देखरेखीखाली जात, ते आता आमच्या स्वयंपाकघरात जातात. जबाबदारी आमच्याकडे आली, तिच्यासोबत यायला हवा होता तो कागद आला नाही.

म्हणून माझी मागणी एका अर्ध्या पानाची आहे. त्यावर सर्वांत वर आतड्याचा कोणता भाग काढला, सांधा कोठे आहे, पिशवी असल्यास ती लहान आतड्याची की मोठ्या, हे साध्या मराठीत असावे. शक्य तर पोटाच्या छापील आकृतीवर पेनाने खूण करून. त्याखाली कमी चोथ्याचे पथ्य कोणत्या तारखेपर्यंत, ती तारीख. 'काही दिवस' नको, 'तब्येत सुधारेपर्यंत' नको, तारीख हवी. तपासणीत काही वेगळे दिसले तर ती खोडून दुसरी लिहिता येईल. मग पदार्थांची नावे, आणि ती आमच्या ताटातली. छापील तक्त्यांतून 'ब्रोकोली, मशरूम, सुका मेवा टाळा' असे वाचायला मिळते. आमच्या घरी ब्रोकोली येत नाही. हुरडा, सोलाणे, मक्याचे कणीस, उसाच्या कांड्या, शेंगदाणे, ओले-सुके खोबरे, बोरे, पेरूच्या बिया, डाळिंबाचे दाणे, मटकीची सालासकट उसळ, कडक भाकरी, यांची नावे लिहा. मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, ताक, साल काढून शिजवलेला दुधी किंवा बटाटा, पिकलेले केळे, अंडे, ही नावे दुसऱ्या बाजूला लिहा. पथ्य संपल्यावर एका वेळी एकच नवा पदार्थ, थोडा, नीट चावून, आणि दोन-तीन दिवस पाहून मग पुढचा, हे एक वाक्य पुरे.

पावडरीविषयी स्वतंत्र ओळ हवी. घ्यायची की नाही. घ्यायची तर कोणती, किती, कोणत्या दिवसापासून आणि किती पाण्यात. इसबगोल एक लहान चमचा आणि पूर्ण पेलाभर पाणी, भिजल्या भिजल्या लगेच पिऊन टाकायचे, झोपण्याच्या क्षणी नाही, ही साधी गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? मधुमेहाच्या, थायरॉइडच्या आणि इतर गोळ्यांचे शोषण त्याने मंदावू शकते, म्हणून मध्ये दोन तासांचे अंतर ठेवायचे, हेही कोणी सांगत नाही. साखर घातलेले इसबगोल मधुमेह्याला दिले जाते. चूर्ण, एरंडेल, काढा यांपैकी काहीही न विचारता देऊ नये, हेही ठळक अक्षरांत लिहावे.

शेवटची ओळ धोक्याची. पिशवीत चार-सहा तास काही आले नाही आणि कळा येत आहेत, पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही, ताप आहे, किंवा उलट पिशवी वाहतेच आहे आणि लघवी कमी झाली आहे. यांपैकी काही दिसले तर इसबगोल नाही, रेचक नाही, सरळ रुग्णालय, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. आमच्याकडे हा कागद असता तर त्या रात्री आम्ही तीन तास वाया घालवले नसते.

हा कागद केवळ मराठीत असून आमच्या शहरात भागणार नाही. पूर्व भागातील कित्येक विणकर घरांत आजारी माणसाची सेवा करणारी आजी तेलुगू वाचते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातून येणाऱ्या अनेकांची बोली कन्नड आहे, उर्दू वाचणारी घरे आहेत. एकदा भाषांतर करून ठेवले की ते वर्षानुवर्षे वापरता येईल. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी चित्रे काढता येतील. हुरड्याच्या कणसावर लाल फुली मारलेले चित्र समजायला शाळा लागत नाही.

आपण म्हणाल, बाह्यरुग्ण विभागात एकेका रुग्णाला पाच मिनिटे मिळत नाहीत, तेथे हे कोण लिहीत बसणार. बरोबर आहे. म्हणूनच हे आपल्या हाताने लिहायचे काम नव्हे. चार-पाच प्रकारच्या शस्त्रक्रियांसाठी चार-पाच छापील नमुने, त्यांत तारीख, पावडर आणि फोन एवढ्याच रिकाम्या जागा, आणि घरी सोडताना सिस्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी रुग्णाला आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समोर बसवून दहा मिनिटे ते वाचून दाखवणे. स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर हवी, याचा मी आग्रह धरते. आमच्या वेळी सगळ्या सूचना माझ्या दिरांना दिल्या गेल्या, कारण बिल भरायला ते गेले होते.

या कामात औषध विक्रेत्यांनाही सामील करून घ्यावे. इसबगोल औषध म्हणून विकले जात असले तरी त्यासाठी चिठ्ठी लागत नाही, आणि लागावी असे माझे म्हणणे नाही. फक्त 'ऑपरेशन झालेल्या माणसासाठी हवे आहे' असे गिऱ्हाईक म्हणाले, तर 'कसले ऑपरेशन, आणि डॉक्टरांचा कागद दाखवता का' एवढे दोन प्रश्न विचारले जावेत.

पिशवी बंद करण्याची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये झाली. तिच्यानंतर काय होणार हेही आम्हाला ठाऊक नव्हते. सगळे पूर्वीसारखे होईल असे वाटले होते. झाले असे की दिवसाला बारा-चौदा वेळा धावावे लागे, एकदा जाऊन आले की पंधरा मिनिटांत पुन्हा. यजमानांनी देवळात जाणे सोडले, लग्नकार्ये सोडली. साठवण करणारा गुदाशयच काढलेला असल्यावर असे होते, ते पुष्कळांना होते आणि बहुतेकांत काळाबरोबर कमी होते, हे कोणी आधी सांगितले असते तर त्यांनी स्वतःला दोष दिला नसता. या वेळी मी सर्जनांच्या टेबलासमोर वही घेऊन बसले आणि विचारून विचारून लिहून घेतले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे जेवणाबरोबर अर्ध्या चमच्यापासून इसबगोल सुरू केले, दर आठवड्याला थोडे वाढवले, उसळी आणि तिखट मागे ठेवले. दोन महिन्यांत संख्या पाच-सहावर आली. डबा तोच होता, माणूसही तोच. डिसेंबरात त्याच डब्याने घात केला असता, उन्हाळ्यात त्याच डब्याने त्यांना घराबाहेर पडता आले.

त्या वहीत पाच महिन्यांच्या रोजच्या नोंदी आहेत. काय खाल्ले, किती खाल्ले, पिशवी किती वेळा रिकामी केली, ओआरएस किती दिले. ती शास्त्र नव्हे, पण आमच्या सोलापुरी ताटातील पदार्थांची यादी तिच्यात तयार आहे. आपल्यापैकी कोणी असा नमुना करायला घेतला, तर ती वही मी आणून देईन, मराठी मसुदा लिहायला बसेन आणि तेलुगू-कन्नडसाठी माझ्या जुन्या सहकारी शिक्षिकांना सोबत आणीन. आपण तो तपासावा, खोडावा, बदलावा. हुरड्याच्या आगट्या डिसेंबरात पेटतात; त्यापूर्वी पहिला कागद छापून झाला तर बरे होईल.

आपली नम्र,
एका रुग्णाची पत्नी, निवृत्त शिक्षिका
सोलापूर